हिवाळ्यातील भेंडीचे पांघरूण

नागपूरच्या उन्हाळ्याचा दरारा एवढा मोठा आहे की, येथे थंडीही कडाक्याची पडते हे बाहेरगावच्या माणसाला सांगून पटत नाही. पण आपण नागपूरकर असाल, आणि त्यातही आपल्या घरी ऐंशी ओलांडलेले कोणी असेल, तर डिसेंबर-जानेवारीतील सात-आठ आठवड्यांचा धाक आपल्याला मे महिन्याइतकाच ठाऊक असेल. समुद्र दूर, आकाश निरभ्र, हवा कोरडी. दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे ऊन आणि पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. या दिवसांत वृद्ध माणसे अंथरुणात आक्रसून जातात. जेवण कमी होते, पाणी पिणे त्याहून कमी होते, चार पावले चालणेही बंद होते. आणि फेब्रुवारीत ऊन तापू लागते तेव्हा अंगावरचे कपडे सैल झालेले दिसतात.

भेंडीचेही नेमके हेच होते. कापूस, अंबाडी, जास्वंद यांच्या गोतातले हे झाड. उष्णतेत वाढावे आणि उष्णतेत फुलावे हा त्याचा कुळाचार. जमीन गार असली की बी रुजताना कुरकुर करते, कित्येकदा कुजूनच जाते. उभ्या झाडाला रात्री पंधरा अंशांखाली जाऊ लागल्या की ते वाढ आवरते घेते. पाने लहान येतात, कळ्या गळतात, शेंगा वाकड्या आणि राठ होतात. म्हणून आपल्याकडे भेंडीचे हंगाम दोन: जून-जुलैत पेरलेली पावसाळी आणि जानेवारीअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत पेरलेली उन्हाळी. मधल्या थंडीत गोकुळपेठेच्या बाजारात भेंडी दिसते खरी, पण ती दूरवरून आलेली, महाग, आणि शेंडा मोडू गेल्यास मोडण्याऐवजी वाकणारी असते.

ही मधली पोकळी एका पातळ पांढऱ्या कापडाच्या आधाराने बरीचशी भरून काढता येते. कलिंगड आणि मिरची लावणारे शेतकरी ज्याला ‘क्रॉप कव्हर’ म्हणतात तेच हे कापड. त्याच्या साहाय्याने भेंडीचा तोडा संक्रांतीपर्यंत ओढता येतो आणि उन्हाळी भेंडी तीन-चार आठवडे अलीकडे आणता येते. गेले चार हिवाळे आम्ही प्रतापनगरातील घरामागच्या परसात हे करीत आहोत. बारा फूट लांब, तीन फूट रुंद असा एकच वाफा आणि त्यात चोवीस झाडे. एवढ्याशा भेंडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे आपल्याला वाटेल. बाजारभावाच्या हिशेबाने तो मुळीच परवडणारा नाही. परंतु ज्या घरात वृद्ध माणूस आहे त्या घराचा हिशेब निराळा असतो, म्हणून थोडे घरचे सांगते.

माझ्या सासूबाई आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. काटोल तालुक्यातील एका खेड्यात त्यांचे निम्मे आयुष्य मातीत गेले. गेल्या सहा वर्षांत स्मृतिभ्रंशाने त्यांच्याकडून पुष्कळ काही काढून नेले आहे: नातवंडांची नावे, वार, आपण कोणत्या घरात आहोत हे भान. पाच वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्यांचे वजन दोन महिन्यांत चार किलोंनी उतरले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, औषधांत फेरफार केला आणि शेवटी म्हणाले, यांना उन्हात बसवा, हाताला काही काम द्या, आवडीचे खाऊ घाला. आवडीचे म्हणजे काय, हे विचारण्याची सोय उरली नव्हती. मात्र बाजारातून आणलेली भाजी निवडायला पुढ्यात ठेवली की बाकी कशाकडेही न पाहता त्या भेंडी उचलीत आणि तिचा शेंडा मोडून पाहत. टक् असा आवाज आला की ती भेंडी उजव्या हाताला, न आला की डाव्या हाताला. ही निवड कधी चुकत नसे. आज कोणता महिना आहे हे ज्यांना सांगता येत नव्हते, त्यांच्या बोटांना कोवळी भेंडी अचूक कळत होती.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात परसातल्या झाडांवर हे काम त्यांना मिळू शकत होते. प्रश्न होता तो हिवाळ्याचा, आणि गरज तर हिवाळ्यातच सर्वांत अधिक होती.

आता कृतीकडे वळू. पहिली गोष्ट अशी की, पावसाळ्याच्या आरंभी लावलेल्या झाडांना थंडीत कापड घालून फारसा लाभ होत नाही. नोव्हेंबरपर्यंत त्यांचा बहर सरलेला असतो. हिवाळ्यासाठी वेगळी पेरणी हवी. विदर्भात त्यासाठी पंचांग पाहण्याचीही गरज नाही. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघाली, पोरांचा तान्हा पोळा आटोपला की बी टाकावे. म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. रात्रभर कोमट पाण्यात भिजवलेले बी अर्ध्या-पाऊण इंच खोल, दोन झाडांत फूटभर अंतर. पेरणीपासून सुमारे पन्नास दिवसांनी, बहुधा दिवाळीच्या आगेमागे, पहिला तोडा मिळतो. आणि थंडी येते तेव्हा झाड भर तारुण्यात असते.

या पेरणीला एक धोका आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पडून हळूहळू सारे झाडच पिवळे होणे हा भेंडीचा जुना शत्रू. शेतकरी त्याला केवडा किंवा हळद्या म्हणतात. हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते आणि एकदा झाडाला जडला की त्यावर औषध नाही. पावसाळा ओसरताना या माशीचा सुळसुळाट असतो. आम्ही ‘परभणी क्रांती’ हे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे वाण लावतो, ते या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही. शिवाय रोपे वीतभर होईपर्यंत कापड नुसते सैलसर पसरून ठेवतो. थंडीसाठी आणलेले कापड असे आधी माशीला अडवण्याच्या कामी येते.

कापड घेताना ते न विणलेले, म्हणजे नॉन-वोव्हन, आणि वजनाने हलके, १७ ते २० जीएसएमचे मागावे. ते हातात घेतले तर पातळ पिशवीच्या कापडासारखे लागते. त्यातून हवा खेळते, पाणी झिरपते आणि उजेडही बराचसा आत येतो. पारदर्शक प्लास्टिकचा मोह मात्र टाळावा. थंड मुलुखात प्लास्टिक ठीक. नागपुरात डिसेंबरातही दुपारचे ऊन असे असते की प्लास्टिकखाली झाड उकडून निघते, आणि रात्री आतून ठिबकणाऱ्या बाष्पाने पानांवर रोग येतो.

हे कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, हे ध्यानात घेतले की पुढचे सारे आपोआप सुचते. दिवसभर जमीन तापते. निरभ्र रात्री ती उष्णता आकाशाकडे निघून जाते. ढगाळ रात्र त्या मानाने उबदार असते ती यामुळेच. कापड हा त्या झाडांपुरता घातलेला एक विरळ ढग. तेव्हा ऊन उतरण्यापूर्वी, चार-साडेचारच्या सुमारास, ते सोडायला हवे. अंधार पडल्यावर, जमीन गार झाल्यानंतर झाकणे म्हणजे रिकाम्या थर्मासला झाकण लावणे. कोरड्या मातीपेक्षा ओली माती उष्णता अधिक धरते, म्हणून पाणी सकाळी द्यावे. आम्ही उन्हाळ्यातले दोन जुने माठ पाण्याने भरून झाडांच्या मध्ये ठेवतो. दिवसभर तापलेले पाणी रात्री सावकाश निवते. पहिल्या वर्षी मी एक तापमापक कापडाच्या आत आणि एक बाहेर टांगून रोज पहाटे नोंद ठेवली. फरक सरासरी दोन अंशांचा निघाला, फार थंड रात्री थोडा अधिक. दोन अंश म्हणजे फार नव्हे. पण पहाटेच्या अकराचे तेरा झाले की कळ्या गळण्याचे थांबते, हे डोळ्यांनी दिसते. ३.५ अंशांच्या रात्रीपुढे मात्र या कापडाचे काही चालणार नाही, हेही सांगून ठेवते.

कलिंगडासाठी वापरतात तशा बुटक्या तारेच्या कमानी येथे कामाच्या नाहीत, कारण नोव्हेंबरात भेंडी तीन-चार फुटांची झालेली असते. आम्ही वाफ्याच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये दोन अशा पाच फुटी बांबूच्या काठ्या पुरल्या, वरून आडव्या काठ्या बांधल्या आणि त्यावर कापड मच्छरदाणीसारखे सोडले. मच्छरदाणी हा शब्द मुद्दाम वापरते आहे. कारण ते कसे उचलायचे, कसे खोचायचे, हे सासूबाईंना शिकवावे लागले नाही. पहिल्या दिवशी त्यांनी ते कापड चिमटीत धरून पाहिले आणि मला विचारले, “झाडायले बी थंडी वाजते का वं?” कित्येक आठवड्यांनंतर त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

कापडाखाली फुलांचे कसे होणार, ही शंका जाणत्यांना येते. काकडी, दोडका, भोपळा असता तर मधमाश्यांना वाट करून द्यावी लागली असती. भेंडीचे फूल मात्र स्वतःच्याच परागावर फळ धरू शकते. पिवळे, मध्यभागी गर्द किरमिजी असे ते सुंदर फूल एकच दिवस उमलते, आणि ते झाकलेले राहिले तरी शेंग धरते. तरीही सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात आम्ही कापड एका बाजूने वर गुंडाळून ठेवतो. कारण कोंडलेल्या हवेत पानांवर भुरी येते, आणि आत शिरलेल्या माव्याला खाणारे मित्रकीटक बाहेरच राहतात. भुरीची पाने दिसताच तोडून टाकावीत. मावा पाण्याच्या धारेने धुवावा. घरातली वृद्ध माणसे जेथे वावरतात आणि जेथली भाजी एक दिवसाआड तोडायची असते, त्या वाफ्यावर विषारी औषध मारू नये, असे माझे ठाम मत आहे.

दहा आणि चार या वेळा झाडांप्रमाणे माणसालाही सोयीच्या पडतात. पहाटेच्या गारठ्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. वृद्धांना, विशेषतः हृदयविकार असलेल्यांना, कोवळ्या उन्हाच्या नावाखाली सहा वाजता बाहेर काढणे शहाणपणाचे नाही. नऊ-साडेनऊपर्यंत थांबावे. डोके आणि कान झाकलेले, पायांत मोजे आणि घट्ट बसणारी चप्पल असावी. कोमट पाणी प्यायल्यावर बाहेर पडावे. सासूबाई दहाच्या सुमारास कापड वर करायला येतात आणि तासभर उन्हात बसतात. चार वाजता ते खाली सोडायला पुन्हा येतात. दिवसातून दोनदा अंथरूण सोडण्याचे एक कारण त्यांना मिळाले. “चला, फिरून येऊ” म्हटले तर त्या हलत नाहीत. “आई, झाडं उघडायची आहेत” म्हटले की उठतात.

आपण हे करणार असाल तर पडण्याच्या भीतीचा विचार आधी करा. वाफ्याभोवतीच्या ओढलेल्या दोऱ्या, जमिनीतून वर आलेल्या खुंट्या आणि आडवा पडलेला पाण्याचा पाइप यांत पाय अडकून माकडहाड किंवा खुबा मोडला तर सारेच मुसळ केरात. कापडाच्या कडा दोरीने ताणू नयेत. त्यांवर विटा ठेवाव्यात किंवा माती ओढावी. बांबूंची टोके डोळ्यांच्या उंचीवर येत असतील तर त्यांना कापडाची बोंडे बांधावीत. वाफ्याच्या एका बाजूला दोन फूट सपाट, कोरडी वाट आणि पाठ असलेली खुर्ची हवी, तिपाई नको. भेंडीची एक मोठी सोय अशी की तिच्यासाठी वाकावे लागत नाही; खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर शेंगा हाताला येतात. झाडावरची बारीक लव मात्र कातडीला खाजवते, आणि वृद्धांची त्वचा पातळ असते. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सुती हातमोजे घालावेत. हाताला कंप असेल तर शेंग ओढू नये. बोथट टोकाची कात्री द्यावी.

गच्चीवर करणाऱ्यांसाठी एक सूचना. पंधरा-वीस लिटरच्या कुंड्यांत भेंडी चांगली येते, पण कुंडीतील माती जमिनीपेक्षा लवकर गार होते. कुंड्या भिंतीला लावून, एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. आणि संक्रांतीच्या आठवड्यात कापड जरा जपावे. आपल्या नागपुरात त्या दिवसांत तुटलेला मांजा कोठून येऊन कशाला अडकेल याचा नेम नसतो, आणि तो सोडवायला वृद्ध माणसाने हात घालू नये.

भेंडी किती मिळते? नोव्हेंबरात एक दिवसाआड पाव किलोच्या आसपास. डिसेंबरात निम्मी. फूल पडल्यावर जी शेंग एरवी पाच-सहा दिवसांत तोडायला येते तिला आमच्याकडे आठ-नऊ दिवस लागतात. जानेवारीत एका तोड्याला सात-आठ शेंगा, कधी चारच. एका माणसाच्या ताटापुरती भाजी. ती त्यांनीच तोडलेली, त्यांनीच शेंडा मोडून पारखलेली असते, आणि ताटात आली की त्या ओळखतात. भाजी धुऊन पूर्ण कोरडी करून मगच चिरावी आणि शिजताना ताक किंवा चिंचेचा कोळ घालावा, म्हणजे तार कमी होते. सासूबाईंना कवळी आहे. त्यांच्यासाठी ताकातली पातळ भाजी करून तीत ज्वारीची भाकर कुस्करून देते. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना ही बुळबुळीत भाजी कशी द्यावी, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

भेंडीच्या औषधी गुणांविषयी अलीकडे फार बोलले जाते, म्हणून स्पष्ट लिहिते. शंभर ग्रॅम भेंडीत सुमारे तीन ग्रॅम तंतू असतात, उष्मांक पस्तिसाच्याही आत. पोट साफ राहण्यास तिची मदत होते. एवढे पुरे आहे. रात्रभर भिजवलेल्या भेंडीचे पाणी पिऊन मधुमेहाच्या गोळ्या बंद करणारी माणसे मी पाहिली आहेत. उंदरांवरील एका प्रयोगात तर भेंडीमुळे मेटफॉर्मिन या औषधाचे शोषण कमी होते असे आढळले होते. गोळ्यांना पर्याय म्हणून भेंडीकडे पाहू नका. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखे औषध चालू असेल तर, भेंडीत के जीवनसत्त्व असल्यामुळे, ती एखाद्या आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात मुळीच नाही असे करू नका. प्रमाण साधारण सारखे ठेवा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियमचे पथ्य असणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावे.

त्या पहिल्या हिवाळ्यात सासूबाईंचे वजन वाढले नाही. पण उतरलेही नाही. त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत एकदा अर्धा किलो, एकदा किलोभर कमी झाले. भेंडीमुळे असे झाले असे मी म्हणणार नाही. औषधे बदलली होती, दुपारचे खाणेही वाढवले होते. आजार आपल्या वाटेने पुढे जातोच आहे. यंदा त्या मला नावाने हाक मारीत नाहीत, ‘वं’ म्हणून बोलावतात. कोवळी भेंडी मात्र अजून उजव्या हाताला जाते.

संक्रांतीनंतर आम्ही हिवाळी झाडे काढतो आणि त्याच सुमारास वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला, कापड जमिनीलगत पसरून त्याखाली, उन्हाळी भेंडीचे बी टाकतो. झाकलेल्या मातीत ते आठ-दहा दिवसांत वर येते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, दुपारचे ऊन चटका देऊ लागले की कापड काढावे. उशीर झाल्यास तेच झाडांना भाजते. मार्चच्या मध्यावर पहिला तोडा येतो, म्हणजे एप्रिल-मेचा वणवा पेटण्यापूर्वी तीन-चार आठवड्यांची चांगली भाजी हाती लागते. कापड साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवून घडी घातली तर दोन हिवाळे टिकते, जपून वापरल्यास तिसराही.

हिवाळी झाडांपैकी दोन तेवढी आम्ही ठेवतो. त्यांवरच्या शेंगा तोडायच्या नाहीत; त्या फेब्रुवारीपर्यंत झाडावरच वाळून तडकू लागतात. ‘परभणी क्रांती’ संकरित नसल्याने तिचे बी घरचे धरता येते. वाळलेल्या शेंगा सुपात घेऊन सासूबाई उन्हात बसतात, अंगठ्याने त्यांची शीर उकलतात आणि हिरवट-काळसर बी वाटीत पाडतात. मग ते राख लावून जुन्या स्टीलच्या डब्यात भरायला सांगतात. डबा कोणत्या फळीवर ठेवायचा, हे त्यांना अजून आठवते.